याचं पुढे काय करणार?

रेघोटी

पंधरा दिवस झाले, एक साधा प्रश्न डोक्यातून जात नाहीये. इथे लिहिलं तर कदाचित सुटेल.

मी अकरा वर्षं चित्रं काढते. पेन्सिलीने, वहीत, घरात समोर जे असेल त्याचं. किटली, काढून ठेवलेल्या चपला, खुर्चीवर टाकलेला टॉवेल, स्वतःचा डावा हात. आणि एक लाकडी स्टूल, ते तर शंभरदा काढलं असेल. नोकरी हिशेब तपासण्याची, तिचा याच्याशी काही संबंध नाही. कुणाकडे शिकले नाही, प्रदर्शनाचा विचार कधी मनाला शिवला नाही. रात्रीची कामं आवरली की अर्धा-पाऊण तास बसते, आठवड्यातून चार-पाच दिवस.

पंधरा दिवसांपूर्वी एक वडीलधारे नातेवाईक घरी आले होते. टेबलावर पडलेली वही त्यांनी चाळली. "छान काढतेस गं," म्हणाले. मग अगदी मायेने विचारलं, "पण याचं पुढे काय करणार?"

मी म्हणाले, "काही नाही काका, असंच आपलं." आणि म्हणताक्षणी खोटं बोलल्यासारखं वाटलं. कारण असंच नाहीये ते.

सुरुवातीची तीन-चार वर्षं माझं स्टूल चुकायचं. का चुकतंय ते कळायचं नाही. पाय चार, चारही सारख्या लांबीचे, बैठक गोल. सगळं बरोबर काढलेलं, तरी ते कागदावर उभं म्हणून राहायचं नाही, लटकल्यासारखं दिसायचं. एकदा वैतागून मी स्टूल काढणं सोडलं आणि पायांच्या मधल्या रिकाम्या जागाच काढल्या. एक उभट चौकोन, एक अरुंद त्रिकोण, आडव्या दांडीखाली एक तिरकी फट. त्या जशा दिसत होत्या तशा उतरवत गेले आणि मधोमध स्टूल आपसूक उभं राहिलं. कागदावर जवळचे पाय लांबच्यांपेक्षा मोठे आले होते. बैठक गोल नव्हतीच, चपटी लंबगोल होती. तोवर मला स्टूल माहीत होतं, मी ते कधी बघितलं नव्हतं.

त्यानंतर असं बरंच काही दिसत गेलं. माणसाचे कान साधारण भुवई आणि नाकाचं टोक यांच्या मधल्या पट्ट्यात बसतात, हे आयुष्यभर माणसांत वावरून मला चाळिशीत कळलं. पांढऱ्या टॉवेलच्या घडीत किती प्रकारचा काळोख असतो तेही.

हे काकांना कसं सांगायचं? आणि सांगितलं तरी "पुढे काय" याचं उत्तर त्यात नाहीच. तुमच्यापैकी ज्यांना असा काही नाद आहे ते काय उत्तर देतात? दुसऱ्याला काय देता ते सोडा, स्वतःला काय देता?

उलटसुलट

रेघोटीताई, मी विणते. लोकांना वाटतं विणकामाला हा प्रश्न लागू नाही, कारण शेवटी स्वेटर निघतो. मग मला विचारतात ते असं: "एवढ्या वेळात तयार आणता आला नसता का?" आला असता, आणि तो माझ्यापेक्षा सफाईदारही असता.

मला विणण्याइतकंच उसवणं आवडतं. हे मी फारसं कुणाला सांगत नाही. बारा ओळी वर गेल्यावर लक्षात येतं की खाली एका जागी सुलटाऐवजी उलटा टाका पडलाय. एकच टाका असेल तर तेवढा उभा रकाना सोडवत खाली जायचं आणि क्रोशाच्या सुईने एकेक टाका पुन्हा वर चढवायचा, बाकीच्या विणीला धक्का लागत नाही. पण टाके मोजण्यातच चूक झाली असेल तर सगळं मागे न्यावं लागतं. सुरुवातीला रडू यायचं. उसवलेली लोकर कुरळी निघते, तिला टाक्यांचे वळसे आठवत असतात. तशीच परत विणायला घेतली तर टाके लहानमोठे पडतात. म्हणून तिची लडी करायची, चार ठिकाणी सैल बांधायची, कोमट पाण्यात भिजवायची, हलक्याने पिळून टांगून ठेवायची. वाळली की वळसे बरेचसे गेलेले असतात.

बाहेरच्या व्यवहारात मला अशी सोय कुठे मिळत नाही. तोंडातून गेलेला शब्द परत येत नाही. इथे चूक सापडते, बोटाने दाखवता येते, तिथपर्यंत मागे जाता येतं, आणि धागा तोच असतो. मी त्यासाठी बसते. स्वेटर होतो ते बरंच आहे, पण स्वेटरासाठी म्हणून बसले असते तर केव्हाच उठले असते.

कोराकागद

वाचतोय. माझं उत्तर अजून तयार नाही, पण प्रश्न जुन्या ओळखीचा आहे. शाळेत असताना तो "याचा अभ्यासाला काय उपयोग?" असा यायचा. नोकरीत "याचे पैसे मिळतात का?" असा. निवृत्त झालो तेव्हापासून "वेळ बरा जातो ना?" असा येतो. तिन्ही वेळा विचारणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता, त्यामुळे रागावताही येत नाही.

उजेडसावली

मी दुसऱ्या टोकाकडून लिहितो. मी "पुढे काय" याचं उत्तर दिलं होतं. फोटो काढायचा नाद होता, त्याचाच व्यवसाय केला. त्यावर घर चाललं, मुलांची शिक्षणं झाली, त्याबद्दल तक्रार नाही.

पण पूर्वी मी खिडकीतून भिंतीवर पडलेला उजेड सरकताना बघत तासभर बसायचो. कॅमेरा मांडीवर असायचा, बऱ्याचदा फोटो काढायचोही नाही. धंद्याच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी असाच एक सुंदर उजेड पडलेला दिसला आणि मनात पहिला विचार आला की हा कुणाला चालेल? तो विचार त्याआधी कधी आला नव्हता. नंतर तो गेला नाही. सुट्टीच्या दिवशी कॅमेरा कपाटात राहायला लागला.

आता दोन वर्षांपूर्वी एक जुना रिळाचा कॅमेरा घेतला आहे. छत्तीस फोटो, काढल्या काढल्या दिसत नाहीत, रीळ धुवेपर्यंत महिना जातो. ते फोटो मी कुणालाच दाखवत नाही. तासभर बसणं हळूहळू परत येतंय. पूर्ण आलेलं नाही.

पानगळ

उजेडसावली, तुम्ही लिहिलंत त्यावर एक जुना प्रयोग आठवला. १९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतल्या मुलांवर केलेला. स्केचपेनने चित्रं काढायला ज्यांना मुळातच आवडतं अशी तीन ते पाच वर्षांची मुलं निवडली आणि त्यांचे तीन गट केले. एका गटाला आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर छान प्रशस्तिपत्रक मिळेल. दुसऱ्या गटाला काही सांगितलं नाही, चित्रं झाल्यावर तसंच पत्रक अचानक दिलं. तिसऱ्याला काहीच दिलं नाही. काही दिवसांनी वर्गात स्केचपेनं नुसती ठेवून दिली आणि कोण किती वेळ चित्र काढतं ते लांबून पाहिलं. बक्षिसाच्या बोलीवर ज्यांनी चित्रं काढली होती ती मुलं इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रांपाशी थांबली.

मला यातला दुसरा गट जास्त महत्त्वाचा वाटतो. त्यांनाही तेच पत्रक मिळालं होतं, पण त्यांची गोडी कमी झाली नाही. म्हणजे बक्षिसाने बिघडत नाही, बोलीने बिघडतं. चित्र काढताना मूल कशाकडे बघत होतं, कागदाकडे की पत्रकाकडे, एवढाच फरक.

काकांचा प्रश्न त्या बोलीसारखाच आहे. मनात शिरला की पुढच्या वेळी वही उघडताना तो आधी बसलेला असतो.

हातचंकाम

मला थोडा वेगळा अनुभव आहे, तोही नोंदवते. मी चाकावर मातीची भांडी करते आणि विकते. विकायला लागल्यावर माझा हात सुधारला. स्वतःसाठी करत होते तेव्हा माती चाकाच्या मध्यावर नीट आली नाही तरी तशीच ओढायचे, भांडं वाकडं झालं की "हाताने केलंय, असंच असतं" म्हणून समाधान मानायचे. मग एकीने सहा सारखे पेले मागितले. सहा सारखे! दोन महिने लागले. मातीचा प्रत्येक गोळा वजन करून घ्यायला शिकले, मध्यावर येईपर्यंत हात न सोडायला शिकले, पेल्याची उंची काडीने मोजायला शिकले.

त्यामुळे "कुणाला दाखवू नका, विकू नका, तरच छंद शुद्ध" हे मला पटत नाही. मागणीमुळे मी जास्त प्रामाणिक झाले. उजेडसावली यांचं दुःख खरं आहे, पण ते प्रत्येकाच्या वाट्याला येतंच असं नाही.

उजेडसावली

हातचंकाम, हे मान्य. गिऱ्हाइकाने मलाही बरंच शिकवलं. मी जे गमावलं ते कसब नव्हतं.

अर्धमात्रा

चर्चा फार आवडली, म्हणून एक शब्दाची गोष्ट सांगतो. आपण ज्याला छंद म्हणतो तो शब्द दोन ठिकाणी राहतो. संस्कृतात छंद म्हणजे आवड, इच्छा. स्वच्छंद म्हणजे स्वतःच्या इच्छेने वागणारा. आणि छंदस् म्हणजे वृत्त, कवितेचं माप. मराठीत येताना दोन्ही एकाच रूपात आले, म्हणून आपण पोस्टाची तिकिटं जमवण्यालाही छंद म्हणतो आणि कवितेतल्या लघु-गुरु, म्हणजे आखूड-लांब अक्षरांच्या क्रमाच्या शास्त्राला छंदःशास्त्र म्हणतो.

मी वृत्तात लिहितो, म्हणून हे मला रोज जाणवतं. भुजंगप्रयात घ्या. प्रत्येक चरणात बारा अक्षरं, लघु-गुरु-गुरु असं चार वेळा. एक अक्षर इकडचं तिकडे चालत नाही. हे बंधन माझ्यावर कुणी घातलेलं नाही. मुक्त लिहिलं तर कुणी विचारणार नाही, वृत्तात लिहिलं तरी विचारत नाही. तरी मी एका गुरू अक्षरासाठी चार-चार दिवस अडून बसतो, आणि ते सापडतं तेव्हा अनेकदा असा शब्द येतो जो मोकळेपणी लिहिताना मला सुचलाच नसता. वृत्ताने तो माझ्याकडून काढून घेतलेला असतो.

आपल्याकडे आणखी शब्द आहेत आणि प्रत्येकाची चव निराळी. विरंगुळा म्हणजे थकल्यावर टेकायची जागा. हौस खर्चिक आणि उत्साही, तिला मोल नाही असं म्हणतातच. नाद म्हणजे आवाजही आणि ओढही, तो आपल्याला लागतो, आपण त्याला लावत नाही. वेडाला तर विचारूच नका. पण छंद या एकाच शब्दात "मला हवं म्हणून" आणि "मापात बसेपर्यंत" ही दोन्ही आहेत. रेघोटी, तुमचं शंभरावं स्टूल या शब्दात अगदी बसतं. कुणी सांगितलं नव्हतं, आणि चुकलेलं चालतही नव्हतं.

गणगोत

अर्धमात्रा यांच्या मापावरून आमच्या आकड्यांकडे येतो.

द. रा. कापरेकर आयुष्यभर शाळेत शिकवत होते. पदवीच्या पुढचं गणिताचं शिक्षण नाही. आकड्यांशी खेळत बसणं हाच नाद. १९४९ मध्ये त्यांनी एक गंमत मांडली. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक मोठ्याकडून लहानाकडे लावा, मग लहानाकडून मोठ्याकडे, आणि वजाबाकी करा. येईल त्याचं पुन्हा तेच. ३५२४ घेऊ. ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. आता पुढे ७६४१ वजा १४६७, परत ६१७४. कुठूनही निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथेच येऊन थांबता. अनेक गणितज्ञांनी त्या काळी याला पोरखेळ म्हणून बाजूला ठेवलं. १९७५ मध्ये गणिताच्या गमतींवर लिहिणाऱ्या मार्टिन गार्डनर यांनी आपल्या मासिक सदरात त्यांच्याबद्दल लिहिलं तेव्हा ते जगभर पोचले.

त्याच गार्डनर यांनी त्याच वर्षी पंचकोनी फरशांबद्दल लिहिलं. एकाच आकाराच्या, कुठलाही कोपरा आत न वळलेल्या पंचकोनांनी फट न ठेवता जमीन भरायची, असे पंचकोन किती प्रकारचे? मार्जरी राइस या गृहिणीने ते वाचलं. शिक्षण शाळेपुरतं. गणिताची खूणपद्धत येत नव्हती म्हणून तिने स्वतःची तयार केली आणि स्वयंपाकघरातल्या ओट्यावर आकृत्या काढत तज्ज्ञांना न सापडलेले चार नवे प्रकार शोधले. आज एकूण पंधरा माहीत आहेत, पंधरावा २०१५ चा, आणि याहून जास्त नाहीत हे २०१७ मध्ये सिद्ध झालं. पंधरातले चार तिचे.

रेघोटी, तुमच्यासाठी म्हणून हे मुद्दाम सांगतो: कुणी आलं की ती कागद चटकन झाकायची. काय चाललंय ते समजावून सांगायला लागू नये म्हणून.

आणि अगदी अलीकडचं. ज्याने सगळी जमीन भरता येते पण कशीही मांडली तरी नक्षी ठराविक अंतराने पुन्हा येऊच शकत नाही, असा एकच आकार असतो का, हा प्रश्न अनेक दशकं पडून होता. २०२२ मध्ये डेव्हिड स्मिथ या निवृत्त छपाई तंत्रज्ञाला तो सापडला. कागदाचे तुकडे कापून तो जुळवत बसला होता. तेरा बाजूंचा, टोपीसारखा दिसणारा आकार. मग गणितज्ञांच्या मदतीने सिद्धता झाली आणि २०२३ मध्ये ती जाहीर झाली.

तेव्हा "पुढे काय" याचं उत्तर कधी कधी असं असतं.

कोराकागद

गणगोत, माहिती सुरेख, ३५२४ मी पेन घेऊन करून पाहिलं. पण शेवटच्या ओळीपाशी अडलो, आणि आता माझं म्हणणं मला सापडलंय असं वाटतं.

ही सगळी उदाहरणं यशाची आहेत. राइसबाईंना चार पंचकोन सापडले म्हणून आपण त्यांच्या ओट्याबद्दल बोलतो. कुठल्या तरी दुसऱ्या ओट्यावर दुसरी एक बाई तितकीच वर्षं आकृत्या काढत होती आणि तिला काहीही सापडलं नाही, तर? काकांना आपण "अहो, यातून पुढे मोठे शोध लागतात" असं सांगितलं तर आपण त्यांचा प्रश्न मान्यच केला. फक्त उत्तराची तारीख पुढे ढकलली.

व्हिवियन मायर यांचं उदाहरण नेहमी देतात. शिकागोत मुलं सांभाळायचं काम करत रस्त्यावरचे फोटो काढत राहिल्या, एक लाखाच्या वर निगेटिव्ह, कितीतरी रिळं धुतलेलीही नव्हती. २००७ मध्ये भाडं थकलेल्या गोदामातलं त्यांचं सामान लिलावात गेलं म्हणून जगाला कळलं. २००९ मध्ये त्या वारल्या, नाव झालेलं त्यांनी पाहिलं नाही. लोक म्हणतात, बघा, शेवटी चीज झालं. मला वाटतं चीज लिलावात झालेलं नाही. त्या क्षणी दाबलेल्या बटणात काय होतं ते त्यांनाच ठाऊक. तो लिलाव झाला नसता, सगळं सामान कचऱ्यात गेलं असतं, तर त्यांनी काढलेला एकही फोटो कमी चांगला काढलेला ठरला नसता.

मला असं उत्तर हवंय जे त्या दुसऱ्या ओट्यावरच्या बाईलाही लागू पडेल.

गणगोत

बरोबर आहे तुमचं. मी पटकन यशाकडे गेलो. विचार करतो.

घाईत

हे सगळं वाचून छान वाटतंय आणि थोडं वाईटही. माझं बाळ दीड वर्षाचं आहे. लग्नाआधी मी रोज वाजवायचे, सतार होती. आता तिच्यावर खोळ आहे आणि खोळीवर धुवायचे कपडे. दिवसातून वीस मिनिटं मिळतात, तीही सलग नाहीत. तारा लावण्यातच संपतील. "छंदासाठी वेळ काढायला लागतो" असं ज्यांना सहज म्हणता येतं त्यांचा आता राग येतो मला. कुणी यातून गेलं असेल तर सांगा.

समेवर

घाईत, मी यातून वेगळ्या वाटेने गेलोय. पंचवीस वर्षं वेळ नाही म्हणून सुरूच केलं नाही, चोपन्नाव्या वर्षी तबला शिकायला घेतला. तुम्हाला वेळ काढा असं सांगणार नाही. दीड वर्षाच्या बाळाबरोबर तो निघत नाही, संपलं.

एक मात्र सांगतो. पहिले सहा महिने माझा "ना" हा बोल वाजत नव्हता. किनारीवर बोट पडायचं आणि टप्प असा मेलेला आवाज यायचा. गुरुजी तबल्याला हात लावू द्यायचे त्याच्या दुप्पट वेळ हातावर टाळी देत तोंडाने म्हणायला लावायचे. धा धिं धिं धा. तीनताल, सोळा मात्रा म्हणजे सोळा ठोके, पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्याला खाली, म्हणजे टाळी न देता हात मोकळा. आणि लय जितकी संथ तितकं कठीण. जलद गतीत हात हाताला ओढून नेतो. विलंबितात, म्हणजे संथ लयीत, दोन मात्रांच्या मध्ये इतकी मोठी पोकळी असते की तिथे माणूस हरवतो.

ती पोकळी सांभाळायला तबला लागत नाही. मी ती भांडी घासताना सांभाळली, रांगेत उभं राहून सांभाळली. तुमचा हात आत्ता सतारीवर नाही, पण बाळाला थोपटताना एखादी गत, म्हणजे सतारीवरची बंदिश, मनात पूर्ण, संथ, एकही मात्रा न गाळता चालवून बघा. झोपेच्या वेळी मला हे फार उपयोगी पडलं आहे. सतार वाट बघेल. वर्षभराने बोटं दुखतील, तार छेडायच्या नखीची बोटाला सवय राहिलेली नसेल, पण लय गेलेली नसेल.

घाईत

आज दुपारी करून बघितलं. गत तिसऱ्या आवर्तनाला विसरले. पण दोन आवर्तनं पूर्ण झाली. आभार, दादा.

बोरू

कोराकागद यांनी दुसऱ्या ओट्यावरची बाई विचारली आहे. माझ्याकडे तिच्यासारखे एक जण आहेत, माझे वडील. चार महिन्यांपूर्वी ते गेले.

ते रोज सकाळी एक पान अक्षरं काढत. बोरूने, काळ्या शाईने. बोरू स्वतः छाटत, टोक तिरकं. त्या तिरकेपणावरच अक्षराची जाड-बारीक रेघ ठरते, देवनागरीला तो इंग्रजीच्या उलट बाजूला लागतो. एका पानावर एकच अक्षर. आठवडाभर ण, मग आठवडाभर श, मग क्ष. शब्द नाहीत, मजकूर नाही. ते सुलेखनकार नव्हते, कुणाला पत्रिका वगैरे लिहून दिल्या नाहीत. आम्ही लहानपणी विचारायचो, बाबा हे कशासाठी? ते म्हणायचे, "बसत नाहीये अजून." एवढंच.

ते गेल्यावर एकेचाळीस वह्या निघाल्या. पहिल्यांदा मला त्या उघडाव्याशा वाटेनात. एकेचाळीस वह्या आणि एकही वाक्य नाही, याचं मला त्या वेळी फार वाईट वाटलं. त्यांनी निदान एक ओळ तरी लिहायची होती.

गेल्या महिन्यात बसलो आणि पहिल्यापासून चाळल्या. बऱ्याच पानांवर एखाद्या अक्षराखाली पेन्सिलीचा बारीक ठिपका आहे. पानभर साठ-सत्तर ण, त्यातल्या एकाखाली ठिपका. मला वाटलं डाग असेल. मग प्रत्येक वहीत दिसायला लागला. त्या दिवशीचं जे अक्षर त्यांना बसलंय असं वाटलं, त्याखाली. कितीतरी पानांवर ठिपकाच नाही. सलग नऊ पानं ठिपक्याशिवाय आहेत एके ठिकाणी, सगळी श ची. दहाव्या पानावर ठिपका आहे, पण पुन्हा खोडलाय.

मी भिंग घेऊन ठिपक्याची अक्षरं शेजारच्या अक्षरांशी ताडून बघतो. पहिल्या वह्यांमधले मला कळतात, गाठ नीट बंद झाली आहे, काना सरळ उतरलाय. शेवटच्या वह्यांमधले कळत नाहीत. मला सत्तरच्या सत्तर सारखेच दिसतात. त्यांना त्यात फरक दिसत होता.

ते ठिपके त्यांनी कुणासाठी दिले नव्हते. आम्हाला माहीतही नव्हते. कोराकागद, तुमच्या प्रश्नाचं हे उत्तर आहे की नाही मला सांगता येत नाही, पण त्या नऊ पानांपुढे मला "याचं पुढे काय" असं विचारावंसं वाटत नाही.

कोराकागद

बोरू, आहे. उत्तर आहे. तुमच्या वडिलांना नमस्कार.

उलटसुलट

खोडलेला ठिपका वाचून हातातलं विणकाम खाली ठेवलं. वह्यांना दमट हवेपासून जपा, दादा. काळ्या शाईच्या पानांमध्ये साधा पातळ कोरा कागद घालून ठेवलात तर एका पानाची शाई दुसऱ्यावर लागणार नाही.

बोरू

ताई, आभार. कालपासून तेच करतोय. आणि एक बोरू छाटून पाहिला. तीन फुकट गेले, चौथा बरा निघाला. ण काढला. बसत नाही.

रेघोटी

दोन दिवस सगळ्यांचं वाचत होते, लिहायला सुचत नव्हतं.

अर्धमात्रा, शब्द दिल्याबद्दल तुमचे आभार, तो मी ठेवून घेतला. हातचंकाम, सहा पेल्यांवरून मला जाणवलं की माझी चित्रं कुणी न बघितल्यामुळे मी काही चुका वर्षानुवर्षं सांभाळल्या आहेत. हाताची बोटं मी अजूनही थोडी बारीक काढते, ती सुंदर दिसतात म्हणून. तशी नाहीत ती. ओळखीत एक चित्र शिकवणाऱ्या बाई आहेत, त्यांना वही दाखवणार आहे. कौतुकासाठी नाही, बोटांसाठी.

आणि बोरूदादा, तुमचं वाचलं त्या रात्री मी अकराही वर्षांच्या वह्या काढून बसले. पेन्सिल घेतली आणि ठरवलं, बसलेल्या चित्राखाली ठिपका द्यायचा. मला वाटलं होतं पन्नास तरी निघतील. पहाटेपर्यंत तीन निघाले. दोन हात आणि एक स्टूल. वाईट वाटलं नाही, उलट पुढच्या वहीबद्दल एकदम उत्सुकता वाटली.

बोरू

शंभरातलं एक स्टूल. कोणतं ते? त्या रिकाम्या जागांच्या दिवशीचं?

रेघोटी

नाही, ते नाही. त्याच्या बऱ्याच नंतरचं, गेल्या वर्षीचं. एका कोपऱ्यातून बसून काढलंय. तिथून मागचा पाय पुढच्या पायाआड जातो. आधीच्या सगळ्या चित्रांत मी तो कुठून ना कुठून दाखवलाय, एक रेघ तरी. यात तीनच पाय आहेत.